पुरं एक मिनिट

सिस्टरच्या घरात चपला घालून गेलं तर एकवेळ चालायचं, पण बाही खाली ठेवून नाही. दार उघडलं की ‘ये’ नाही, ‘कसा आहेस’ नाही, पहिला शब्द, “बाही वर!” मग त्यांची तीन बोटं आपल्या मनगटावर आणि डोळे स्वेटरला उलट्या टाचलेल्या छोट्या घड्याळावर. पुरं एक मिनिट. बाहेर मिशिगनचा जानेवारी असो की आपल्या हातात कढीचं गरम पातेलं असो, मिनिट म्हणजे मिनिट. पोस्टमन, हीटर दुरुस्त करायला आलेला माणूस, लग्न होऊन नुकतीच आलेली कुणाची नवी सून, सगळ्यांना एकच न्याय. मिनिट संपलं की नाडीचा आकडा जाहीर व्हायचा, “चौऱ्याहत्तर. चल आत, चहा टाकते.”

पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सोपी रीत त्यांना अजिबात मान्य नव्हती. “चारनं गुणलं की चूकपण चौपट होते की रे,” असं त्या म्हणायच्या. बोलण्यात मिरज अजून शाबूत होती.

स्वतःचं मनगट मात्र त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. मी एकदा गमतीनं हात पुढे केला, तर हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेत म्हणाल्या, “माझी मला ठाऊक आहे.” विषय संपला.

त्यांना नाव-आडनाव दोन्ही होतं, पण ट्रॉय गावातलं सगळं मराठी मंडळ त्यांना सिस्टर म्हणायचं. मिरजेत नर्सिंग शिकून त्या तरुणपणीच डेट्रॉइटला आल्या आणि तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं वॉर्ड सांभाळून रिटायर झाल्या. यजमान गेले होते, मूलबाळ नव्हतं. घराची वरची खोली त्या माझ्यासारख्या कॉन्ट्रॅक्टवर आलेल्या पोरांना भाड्यानं द्यायच्या. मी गाड्यांच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायला दोन हजार दोन साली वर्ध्याहून तिथं येऊन पडलो होतो. पहिल्याच सकाळी त्या न विचारता खोलीत आल्या, माझ्या पलंगाकडे पाहिलं आणि चादर ओढून काढली. मग चादरीचे कोपरे हॉस्पिटलसारखे कसे दुमडायचे ते दाखवलं. माझ्याकडून चार वेळा करून घेतलं आणि ऑफिसला उशीर झाला म्हटल्यावर म्हणाल्या, “घाई असेल तर उद्यापासून जमिनीवर नीज.” आज माझी बायको माझ्या चादरींचं कौतुक करते, त्याचं श्रेय आईला नाही.

डेट्रॉइटच्या उत्तरेला एट माईल नावाचा रस्ता आहे. त्याच्या खाली शहर, काळ्या लोकांचं; वर आमची उपनगरं, मोठी घरं, हिरवी लॉन्स. नव्यानं आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला विमानतळावरून घरी नेतानाच सांगितलं जायचं, “एट माईलच्या खाली जायचं नाही हं.” मलाही सांगितलं होतं, आणि पुढे मी ते दोघातिघांना मोठ्या जाणतेपणानं सांगितलं. सिस्टर मात्र दर शनिवारी आपल्या जुन्या ब्युइकमधून, हायवेच्या सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये ताशी चाळीस मैलांनी, मागच्यांचे हॉर्न खात एट माईलच्या खाली जायच्या आणि येताना चार पोरं भरून आणायच्या. आणखी दोन-तीन पोरं बसनं आणि पायी यायची. सगळी अठरा ते बावीस वर्षांची. बहुतेक काळी, एक मेक्सिकन. कुणाला नर्स व्हायचं होतं, कुणाला ॲम्ब्युलन्सवर काम करायचं होतं, एकाला तर सरळ डॉक्टरच.

ही भानगड सुरू का केली, असं मी एकदा विचारलं. त्या मेथी निवडत होत्या. “तीस वर्षांत ही असली पोरं वॉर्डात रोज बघितली,” म्हणाल्या. “स्ट्रेचरवरनं आत येताना बघितली. लादी पुसताना बघितली. गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली किती बघितली सांगू? एका हाताच्या बोटांवर मावतील. आणि वॉर्डात त्यांची आजी पडलेली असायची. तिला दुखतंय कुठं ते तिनं मला सांगायचं, आणि मला तिची बोली निम्मी कळायची नाही. ही रीत झाली काय?” एवढं बोलून त्यांनी मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.

वर्ग गॅरेजमध्ये भरायचा. ब्युइक त्यामुळे बारा महिने बाहेर बर्फात. गॅरेजात लिलावातून आणलेल्या दोन जुन्या हॉस्पिटलच्या खाटा होत्या, आणि एका खाटेवर बंद पडलेल्या कापडदुकानातला एक पुरुषाचा पुतळा चादर पांघरून निजलेला असायचा. त्याचं नाव अण्णा. अण्णांच्या अंगावरची चादर कुणी न विचारता उचलली की सिस्टर कडाडायच्या, “आस्क अण्णा फर्स्ट!” मग सहा फुटी पोरगा वाकून त्या प्लॅस्टिकच्या कानाशी हळूच विचारायचा, “अण्णा, मी चादर काढू का?” आणि अण्णा परवानगी देईपर्यंत थांबायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी जिन्यात बसून पोट धरून हसलो होतो.

पण अण्णांची नाडी लागत नाही. त्यासाठी सिस्टरनी दुसरी सोय केली होती. आमच्या मंडळात दर घरी कुणाचे ना कुणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी आलेले असायचे. मुलगा-सून ऑफिसला, नातवंडं इंग्रजीत, बाहेर चालायला फुटपाथ नाही. बिचारे खिडकीतून लॉन बघत बसायचे. डॉक्टरांकडे जाणं महाग, म्हणून दुखणी लपवायचे. सिस्टर त्यांना उचलून आणायच्या आणि पोरांपुढे बसवायच्या. “हा मराठी पेशंट,” त्या पोरांना सांगायच्या, “हा ‘बरं आहे’ म्हणाला की उठायचं नाही. खुर्ची ओढून आणखी जवळ बसायचं.” पोरांना त्यांनी चार शब्द शिकवले होते. दुखतंय का, कुठं, श्वास घ्या, झालं. सांगलीच्या एक आजी आपल्या गुडघ्यांबद्दल दोन धिप्पाड पोरांशी चाळीस मिनिटं मराठीतून बोलत होत्या आणि ती दोघं मान डोलवत, वहीत गुडघ्याचं चित्र काढत होती. निघताना आजी मला म्हणाल्या, “इतकं तर आमच्या पद्यानं, पोटच्या मुलानंसुद्धा कधी विचारलं नाही हो.” दुपारी सगळ्यांना पिठलं-भाकरी. पोरं पिठल्यावर लाल हॉट सॉस ओतायची, आणि सिस्टर तिकडे पाठ करून बसायच्या.

एकदा शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला. गॅरेजमध्ये बरीच माणसं जमतात, अशी तक्रार. गोरा, जाडसर पोलीस दारात आला. सिस्टरनी त्याला बाही वर करायला लावली, बीपी मोजलं आणि मीठ कमी करायला सांगितलं. तो ओशाळं हसला आणि गेला. ही गोष्ट मंडळात पुष्कळ दिवस गाजली, मीही रंगवून सांगायचो. एक गोष्ट मात्र मी सांगायचो नाही. पोलिसाची गाडी दिसल्याबरोबर, कुणी काही न सांगता, त्या सातही पोरांनी आपापले हात, रिकामे आहेत हे त्याला दिसावं म्हणून, खाटेच्या दांडीवर उघडे ठेवले होते आणि तो जाईपर्यंत हलवले नव्हते. सिस्टरनी ते पाहिलं होतं. पोलीस गेल्यावर त्या आत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिल्या.

त्या सातांतला डॅरेल. हॉस्पिटलात पेशंटच्या व्हीलचेअर ढकलण्याचं काम करायचा. उंची एवढी की गॅरेजच्या दारातून वाकून यावं लागे, आणि आवाज मात्र लायब्ररीत बोलल्यासारखा. सिस्टरना मावशी म्हणायचा. त्याचं बोलणं अर्थात इंग्रजी, इथं मी ते मराठीत सांगतोय. माझ्या भाषांतरावर किती विश्वास ठेवायचा ते पुढे कळेलच.

डॅरेलला नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश हवा होता. मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. अट एकच, प्रत्यक्ष माणसांबरोबर काम केल्याचं एखाद्या संस्थेचं पत्र हवं. वर्षभर तो मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात दर महिन्याला बीपी मोजायला येत होता, तेव्हा पत्र मंडळानं द्यायचं ठरलं. मी मंडळाचा सहचिटणीस होतो आणि लेटरहेड माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. “गणपती झाले की देतो,” मी त्याला म्हणालो होतो.

त्या वर्षी गणपतीला माझे बाबा ट्रॉयमध्ये, सिस्टरच्याच घरी माझ्याकडे आलेले होते. बाबा वर्ध्याजवळच्या एका हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. सप्टेंबरातही आईनं विणलेला जाड, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून असायचे. मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. सिस्टरनी तिथं तपासणीचं टेबल मांडलं, डॅरेलला बसवलं. तासभर कुणी फिरकलं नाही. लोक टेबलाला लांबून वळसा घालून जात होते, दोघीतिघींनी पर्सा दुसऱ्या खांद्यावर घेतलेल्या मी पाहिल्या. शेवटी सिस्टरनी टेबल उचलून सरळ जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी ठेवलं आणि जाहीर केलं, “बीपी मोजल्याशिवाय मोदक नाही!” रांग मुकाट्यानं बाह्या वर करू लागली. मग स्वयंपाकघरात मसालेभात लागला म्हणून सिस्टर आत गेल्या आणि नेमका बाबांचा नंबर आला.

बीपीच्या आधी सिस्टरच्या चार गोष्टी असत. बाही वर, पाय जमिनीवर, तोंड बंद, लघवीला जाऊन आलेला. बाबा पायावर पाय टाकून बसले होते, रांगेतला नंबर जाईल म्हणून दीड तास कळ काढत होते आणि व्यवस्थेबद्दल अखंड बोलत होते. डॅरेलनं हात पुढे करून म्हटलं, “बाही वर, काका?”

बाबांनी हात मागे घेतला. मला म्हणाले, “त्याला सांग, वरूनच काय ते कर. अंगाला हात लावायचं काम नाही.”

आता हे मी काय सांगणार? डॅरेल माझ्याकडे पाहत होता. मागे रांगेत चाळीस माणसं भुकेजलेली. मी हसून म्हटलं, “त्यांना थंडी वाजतेय. स्वेटरवरूनच घे.”

“मावशी म्हणतात बाही वरच पाहिजे.”

“अरे चालतं यार, लाइन बघ किती आहे.”

तो क्षणभर थांबला. मग बहुधा म्हाताऱ्या माणसाला कुडकुडवायला नको म्हणून त्यानं स्वेटरवरूनच पट्टा बांधला. आकडा आला एकशे चौऱ्याण्णव. त्यानं थोडं थांबून पुन्हा मोजलं, एकशे नव्वद. तो ओरडला नाही, घाबरला नाही. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, “यांना लगेच डॉक्टरांना दाखवायला हवं.” पण ते अध्यक्षांच्या कानावर गेलं आणि अध्यक्षांनी माईकवरून कुणी डॉक्टर आहे का विचारता विचारता ॲम्ब्युलन्सही बोलावली. ऐन जेवणात सायरन. बाबांना स्ट्रेचरवर घालून नेलं तेव्हा त्यांच्या मुठीत मोदक तसाच होता.

हॉस्पिटलात नर्सनं आधी स्वेटर काढला, मग बाबांना बाथरूमला पाठवलं, आणि बीपी मोजलं. एकशे अडतीस. “आधी कशावरून मोजलं होतं?” तिनं विचारलं. मी सांगितलं माहीत नाही.

मंडळात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. “सिस्टरची पोरं म्हणे डॉक्टर होणार!” “अहो, सणाच्या दिवशी अपशकुन.” “मी आधीच सांगत होते, असल्यांना आत घेऊ नका.” अध्यक्षांनी मला फोन करून सांगितलं, “त्या मुलाला लेटर देऊ नका. उद्या काही झालं तर मंडळावर येईल. कॅन्सल करा.” मी बरं म्हणालो. डॅरेलची मुलाखत पुढच्या मंगळवारी होती, आणि बाही कुणी खाली ठेवली हे जगात तीनच माणसांना माहीत होतं. त्यातल्या एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला इंग्रजी धड येत नव्हतं. दोन्ही येणारा मी.

सिस्टरनी मला काहीच विचारलं नाही, हे जास्त वाईट होतं. रविवारी बीपीचा पट्टा घेऊन त्या वर आल्या, मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या स्वेटरवरून मोजलं. मग पाय पायावर टाकायला लावून मोजलं. मग बोलायला लावून मोजलं. मग बाही वर करून, गप्प बसवून मोजलं. चार आकडे एका कागदावर लिहिले आणि तो कागद माझ्या उशीवर ठेवून खाली गेल्या. 

आणि त्याच संध्याकाळी डॅरेल आला. हातात त्याच्या आईनं केलेला रताळ्याचा पाय, म्हणजे तिकडचा गोड पदार्थ. इस्त्रीचा शर्ट. बाबा दिवाणखान्यात सोफ्यावर, सिस्टर शेजारच्या खुर्चीत. तो बाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “सर, चूक माझी होती. मला नियम माहीत होता आणि मी तो मोडला. तुमचा सण खराब झाला, त्याबद्दल माफी मागायला आलोय.” मग सिस्टरकडे वळून म्हणाला, “मावशी, मी मंगळवारी जाणार नाही. पत्रही नाही आणि… तुम्ही म्हणता चूक झाली तर पुन्हा मोज. पण मला दुसऱ्यांदा मोजायला देणारं कुणी नसतं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणतो तो?”

सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांनी तोंड उघडलं असतं तर मी सुटलो असतो, पण त्या बाई हलल्या नाहीत.

“माफी मागतोय,” मी म्हणालो. “म्हणतो, चूक त्याची.”

“त्याची कशी?” बाबांच्या कपाळाला आठी पडली. “मी नको म्हणालो होतो ना? तू सांगितलंस ना त्याला, मी हात लावू देत नाही म्हणून?”

मी डॅरेलच्या हातातली ताटली घेऊन टेबलावर ठेवली.

“तू त्याला काय सांगितलंस?”

चाळीस वर्षं वर्गात उभं राहिलेला तो आवाज. मी तिशीला आलो होतो, पण पाय आपसूक जुळले. “थंडी वाजते म्हणून सांगितलं. आणि चालतं म्हणालो. तो नको म्हणत होता.” मग तेच इंग्रजीत, डॅरेलला. अंगाला हात लावायचं काम नाही, हेसुद्धा. ते वाक्य इंग्रजीत म्हणताना मला इतकी लाज वाटली की मी त्याच्या बुटांकडे बघून बोललो.

डॅरेल म्हणाला, “मला वाटलंच होतं.” एवढंच. त्याच्या आवाजात रागाचं नावही नव्हतं. असं त्याला पुष्कळदा वाटत असणार, हे तेव्हा मला समजलं.

बाबा मान खाली घालून बसले. मग सिस्टर बोलल्या, अगदी साध्या आवाजात, मेथी निवडताना बोलायच्या तशा. “गुरुजी, मी इथं नवीन होते तेव्हा एका बाईंची नाडी बघितली. मी हात सोडला आणि त्यांनी माझ्यासमोर रुमालानं मनगट पुसलं. बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी डोक्यात आलं, पंधरा सेकंदांत काय होणार? मिनिटभर धरते. रोज पुरं मिनिट धरलं. दहाव्या दिवशी पुसायच्या थांबल्या. तेवढ्यासाठी ही सवय लागली बघा.” त्यांचं स्वतःचं मनगट त्या बोलताना दुसऱ्या हातात घट्ट धरलेलं होतं.

 मग बाबांनी विचारलं, “फुलस्केप कागद आहे का घरात?”

हेडमास्तरकीच्या काळात बाबांनी चालचलणुकीचे किती दाखले लिहिले असतील त्याला गणती नाही. कागदाला समास आखून, त्यांनी शाईच्या पेनानं सुरुवात केली. मजकूर इंग्रजीत, तेही शाळेत शिकलेलंच, पण अक्षर छापल्यासारखं. मराठीत सांगायचं तर असं: ‘दाखला देण्यात येतो की श्रीयुत डॅरेल यांस मी ओळखतो. त्यांनी माझा रक्तदाब तपासते वेळी मी बाही वर करण्यास नकार दिला. नकाराचे कारण चांगले नव्हते. ते त्यांना खरे सांगण्यात आले नाही. सबब चूक माझी व माझ्या मुलाची आहे.’ इथं थांबून त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

“दोनदा मोजलं ते घाला,” सिस्टर म्हणाल्या. “आकडा वाईट आला म्हणून त्यानं दुसऱ्यांदा मोजलं. घाबरला नाही.”

बाबांनी ते घातलं. खाली ठरलेलं वाक्य लिहिलं, ‘माझ्या माहितीप्रमाणे त्यांची वर्तणूक उत्तम आहे,’ आणि सही करून कंसात, ‘निवृत्त मुख्याध्यापक’. मग सवयीनं शिक्क्यासाठी टेबलावर हात फिरवला. शिक्का वर्ध्याला राहिला होता.

मी वर जाऊन मंडळाचं लेटरहेड काढलं आणि वर्षभराच्या कामाचं पत्र लिहिलं, माझ्या सहीनं. अध्यक्षांना फोन करून सगळं सांगितलं, पत्र दिलं तेही सांगितलं. पुढच्या बैठकीत मला सहचिटणीसपदावरून मोकळं करण्यात आलं, ते योग्यच झालं.

बाबांनी रताळ्याचा पाय खाल्ला, दोनदा घेतला. डॅरेल निघाला तेव्हा त्याला थांबवून स्वेटर डोक्यावरून काढला, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत चढवली आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून बसले. “सांग त्याला,” मला म्हणाले, “आणि जसं म्हणतो तसंच सांग.” डॅरेलनं मोजलं, एकशे बेचाळीस निघालं. थोडं जास्तच होतं, पण खरं होतं.

मंगळवारी सिस्टरनी डॅरेलला ब्युइकमधून नेलं. मुलाखतीत एका बाईंनी बाबांचा कागद दोनदा वाचला आणि हे मुख्याध्यापक तुमचे कोण, असं विचारलं. “माझे पेशंट,” तो म्हणाला. त्याला प्रवेश मिळाला. त्या सातांतले पुढे चौघं हॉस्पिटलांत लागले, एक अर्ध्यावर सोडून गेला, दोघांचं मला ठाऊक नाही. सिस्टरना सातांचंही ठाऊक असायचं.

मी नंतर नोकरी बदलून टेक्ससला, प्लेनोला गेलो. दोन हजार आठच्या हिवाळ्यात फोन आला, सिस्टर बर्फात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालंय. मी विमानानं गेलो. डेट्रॉइटचंच हॉस्पिटल. पेशंट म्हणून त्या किती भयंकर असतील याची मला कल्पना होतीच. नर्सेसना हात धुवायला दारातून परत पाठवत होत्या. चादरीचे कोपरे चुकले म्हणून स्वतः उठायला बघत होत्या. आणि बीपीचा पट्टा घेऊन कुणी आलं की हात स्वेटरच्या बाहीत ओढून घ्यायच्या, “माझी मला ठाऊक आहे.” फार लहान दिसत होत्या त्या खाटेवर. मला बघून म्हणाल्या, “बाही वर.” मी केली. त्यांची बोटं गार होती आणि मिनिटाच्या मध्येच मोजणं चुकलं, ते मला कळलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

दुपारी डॅरेल आला. वरच्या मजल्यावर नर्स होता तो, ड्यूटी संपवून निळ्या कपड्यांतच आला होता. छातीवर छोटं घड्याळ उलटं टाचलेलं. आधी कोपऱ्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, त्यांना दिसतील असे. मग खुर्ची ओढून जवळ बसला आणि वाकून हळूच विचारलं, “मावशी, बघू का?”

सिस्टरनी हात बाहीत ओढून घेतला. तो थांबला. अण्णांसाठी थांबायचा तसा थांबून राहिला.

मग मराठीत म्हणाला, “बाही वर.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या हातानं हळूहळू स्वेटरची बाही वर केली. डॅरेलनं तीन बोटं ठेवली. एवढ्या मोठ्या हातात ते मनगट दिसेनासं झालं.  समोर भिंतीवर मोठं घड्याळ होतं आणि मी त्याच्या सेकंदकाट्याकडे बघत होतो. काटा बारावरून निघाला, पुरा फिरला, बारावर आला.

“अठ्ठ्याऐंशी,” डॅरेल म्हणाला आणि बोटं उचलली.

“पाच सेकंद कमी मोजलेस,” सिस्टर म्हणाल्या. डोळे मिटलेले होते, हात तसाच पुढे.

मी घड्याळ पाहिलं होतं. मिनिट पुरं झालं होतं. ह्या खेपेलाही मी गप्प राहिलो.

“सॉरी, मावशी,” डॅरेल म्हणाला, आणि बोटं ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.